सूप पास

दुकानाचं नाव ‘नूरी साऊंड’. नाव माझं, बाकी सगळं त्याईचं. पाटीवर माझ्या नावाच्या बाजूले पेंटरनं एक भोंगा काढून ठेवला आहे, त्याच्यानं अख्ख्या चिमुरात बाया मले ‘भोंगेवाली नूरी’ म्हणतात. म्हणोत बापा. पस्तीस वर्षं त्या भोंगेवाल्यासंग काढली, आता नावाचं काय घेऊन बसायचं!

ते म्हणजे अयूब. माझे मालक. वय एकसष्ट, दाढी पांढरी, शर्टाच्या खिशात नेहमी एक टेस्टर आणि एक खडू. खडू कायले, ते सांगते. पण आधी हे सांगते का मी थकली आहे. गेल्या सात महिन्यांत एवढ्या येष्टीत बसली का आता घरी खाटेवर पडली तरी अंग हालल्यावानी वाटते. गुडघे वेगळेच बोलतात. आणि हे सगळं कायच्यापायी, तर खडूच्या कांडीएवढ्या एका पांढऱ्या रजिस्टन्सपायी.

तरुणपणी हे झाडीपट्टीच्या नाटकांत साऊंडवर होते. दिवाळी झाली का मशीन, तारा, भोंगे गाडीत टाकायचे आणि निघायचं, ते होळीले घरी. आज या गावात नाटक, उद्या त्या गावात. असे बावीस सीझन केले. नाटक चालू असतानी भोंग्याच्या पायाशी बसायचं आणि दिवसा त्याच भोंग्याले टेकून झोपायचं. हिरॉईन रडली का पार मागं बांधावर बसलेल्या म्हातारीले तिचा हुंदका गेला पाहिजे, हा ह्याईचा हट्ट. आणि जायचा. कंपनीवाले म्हणत, अयूबभाऊच्या कानाले तोड नाई. त्याच कानावर आमचं घर चाललं. आमच्या उमेराचं शिक्षण, तिचं लग्न, सगळं त्या कानावर झालं.

मंग डीजे आले. भिंतीएवढे डब्बे, छातीत धडकी भरवणारे. ह्याईनं दोन वर्षं दात-ओठ खाल्ले आणि मंग दुकानात बसून घरातले डब्बे बनवाले लागले. होम थिएटर. टीव्हीच्या दोन बाजूले दोन, मधात एक, मागं दोन, आणि धमाक्यासाठी एक मोठा. घुग्घुसच्या खाणीतले, सिमेंटमधले लोक रिटायर झाले का घर बांधत, आणि घर बांधलं का अयूबभाऊले फोन करत. कमाई नाटकाएवढी नव्हती, पण माणूस रोज घरी जेवाले येऊन राह्यला होता. मले तेवढं पुरे होतं.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, हे मले झोपेतून उठवलं तरी सांगता येते, एवढे माझे कान किटले आहेत. अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज एकाच तारेनं येते, जाड-बारीक सगळा एकत्र. डब्ब्यात खाली मोठा स्पीकर असते तो वूफर. त्यानं जाड आवाज काढायचा. वर लहानसा असते तो ट्विटर. त्यानं बारीक काढायचा, घुंगरू, बांगड्या असं. जाड आवाज चुकून लहान्यात गेला, नाई तर त्याच्यावर ताकदीबाहेर जोर टाकला, तर तो बिचारा जळून जाते. म्हणून मधात वाटणी करणारा पाहिजे. तो क्रॉसओव्हर.

ही वाटणी दोन तऱ्हेनं होते. पॅसिव्ह म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या नंतर, डब्ब्याच्या पोटात. तांब्याच्या तारेची कॉइल, कंडेन्सर, आणि ट्विटर जास्त कडक वाजू नये म्हणून त्याच्या आधी एक पांढरा रजिस्टन्स. एकदा सोल्डर केलं का झालं, त्याले ना लाईट लागत ना बटन. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे वाटणी आधीच करायची, मंग वूफरले त्याचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, ट्विटरले त्याचा वेगळा. आता तर एका चिपमधी सगळं असते आणि मोबाईलवर बोट फिरवलं का आवाज बदलते.

ह्याईचा जीव पॅसिव्हवर. कॉइल स्वतः गुंडाळणार, तीही वाळलेल्या बांबूच्या कांडीवर, एकेक वेढा मोजत. मधात मी काही इचारलं का मोजणी चुके आणि माझ्या नावानं ओरडत. कोणी अ‍ॅक्टिव्हचं नाव काढलं का ह्याईचं तोंड कडू कारल्यावानी होई. “अरे, आज तुझा पोट्टा बोट फिरवंन, उद्या तुझा साळा फिरवंन, मंग मी बसवलेला आवाज राह्यला कुठी?” असं म्हणत. “माझा डब्बा एकदा बसला का बसला. वीस वर्षांनी उघडला तरी अयूबचाच आवाज निघंन.”

हे शब्द ध्यानात ठेवा. पुढं ह्याच शब्दांनी आमचे हाल केले.

आता खडूची गोष्ट. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही माझ्या माहेरी गेलो, चामोर्शीले. अब्बा तिथी बाजारात धानाचा व्यापार करत. मी आंगणात तांदूळ पाखडत बसली होती, आणि हे टेपरेकॉर्डर घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. मले वाटलं, नवीन नवरा आहे, एखादं गाणं म्हण म्हणंन. तर म्हणतात, “तू बोलू नको. नुसती पाखड.” माझ्या बहिणी दारामागं हसून हसून मेल्या. अब्बांनी अम्मीले हळूच इचारलं, पोरगा बरा आहे ना?

पण ह्याईचं म्हणणं बरोबर होतं. सुपाच्या आवाजात दोन्ही असते. दाणे उडून खाली पडले का धप्प, आणि सुपावरून सरकले का सळसळ. धप्प वूफरचं, सळसळ ट्विटरची. डब्ब्यात ते दोन्ही एकाच सुपातून आल्यावानी वाटलं का क्रॉसओव्हर बरोबर. दोन डब्ब्यांतून दोन बाया पाखडतात असं वाटलं का चूक. बस, तेव्हापासून नाटकातला असो का घरातला, प्रत्येक डब्बा त्या आवाजावर पाहून घ्यायचा आणि पास झाला का मागच्या फळीवर खडूनं लिहायचं, ‘सूप पास’. कॅसेटवरून सीडीवर गेलं, सीडीवरून पेन ड्राईव्हवर. मी म्हणे, “इतकी वर्षं मले डब्ब्यात बसवून तांदूळ पाखडाले लावले, अजून किलोभर निवडून होऊन नाई राह्यले!” हे हसत आणि परत लावत. मी मात्र एक दिवस कान देऊन ते ऐकलं नाई. आपल्याच घरकामाचा आवाज कोण ऐकत बसते?

मधातल्या काही वर्षांत काही गोष्टी झाल्या, त्या मले तेव्हाच समजाले पाहिजे होत्या. चुलीवरच्या कुकरले, म्हणजे गॅसवरच्या, शिट्ट्यावर शिट्ट्या होत आणि हे बाजूले बसून पेपर वाचत. मले वाटे, मुद्दाम करून राह्यले. नवऱ्याले कुकर ऐकू येत नाई, यात कोणत्या बायकोले नवल वाटते? उमेरा फोनवर बोलली का म्हणत, “ही पोट्टी तोंडातल्या तोंडात काऊन बोलते?” एका पावसाळ्यात म्हणाले, “आवंदा रातकिडे नाई वाटते.” तेव्हा बाहेर रातकिड्यांनी नुसता कहर केला होता. मी म्हणलं, “तुमचं ध्यान कुठी राह्यते?” आणि भाकरी थापाले बसली. चूक माझीही आहे, मी नाई म्हणत नाई.

मागच्या हिवाळ्यात घुग्घुसवरून भैयाजीचा फोन आला. भैयाजी म्हणजे खाणीत तीस-बत्तीस वर्षं मशीन चालवून रिटायर झालेला माणूस. ह्याईच्या हातचा होम थिएटर त्याच्या घरी नुकताच बसवला होता. फोनवर मोठ्या अदबीनं बोलला, “अयूबभाऊ, राग मानू नका जी. मले तर मस्त वाटते. पण आमची कमळा टीव्ही लावला का उठून ओसरीत जाऊन बसते. म्हणते, कानात सुई टोचते. आणि आमचा पोट्टा प्रवीण आला आहे नागपूरवरून, तो म्हणते वापस करा आणि अ‍ॅक्टिव्ह घ्या.”

वापस! पस्तीस वर्षांत ह्याईचा एक डब्बा वापस आला नव्हता. दोन दिवस माणूस धड जेवला नाई. तिसऱ्या दिवशी पिशवीत सोल्डर आयर्न टाकला आणि म्हणाले, “मी स्वतः जाऊन दाखवतो. डब्ब्यात खोट नाई. निघाली खोट तर दुकान बंद करतो.” मले माहीत आहे, हा माणूस बोलला का करते. म्हणून मी म्हणलं, मीही येते. दुकान बंद झालं तर हे घरी बसून काय करतील?

चिमूरवरून वरोरा, वरोऱ्यावरून घुग्घुस. माझी हाफ तिकीट, त्याईची फुल, आणि दोघायच्याही तोंडावर सारखीच धूळ. कोळशाच्या ट्रकामागं येष्टी लागली का पुढचं काही दिसत नाई. उतरलो तेव्हा माझी ओढणी पांढरीची करडी झाली होती.

कमळाबाईनं पाणी दिलं आणि मले बाजूले घेऊन म्हणाली, “नूरीबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण बातम्या देणारी पोरगी बोलाले लागली का कढईत भजे सोडल्यावानी वाटते. स आला का चर्र, श आला का चर्र.” मी म्हणलं, पाहू.

ह्याईनं पेन ड्राईव्ह लावला. सूप वाजाले लागलं.

माय वो! ते सूप नव्हतंच. टिनाच्या पत्र्यावर कोणी मुठी मुठीनं वाळू फेकून राह्यलं आहे, असा आवाज. माझ्या दातापर्यंत गेला. आणि हे डोळे मिटून, मान हालवत बसले होते. “पाहा भैयाजी,” म्हणाले, “याच्यात काय खोट आहे?”

“मले तर काही दिसत नाई जी,” भैयाजी म्हणाला.

प्रवीण पोरगा चांगला. आवाज चढवून बोलला नाई. त्यानं मोबाईल टीव्हीपुढं धरला आणि त्याच्यावरची रेघ दाखवली. रेघ सपाट पाहिजे, ती शेवटी डोंगरावानी वर गेली होती. “काका, ट्विटर लय जास्त आहे. रजिस्टन्स टाकला नाई का?”

“मोबाईलच्या बटनाएवढ्या माईकनं आवाज मोजते का बावा? कानानं मोज.”

“बरं, कानानंच पाहू,” तो म्हणाला. “मी एक बारीक आवाज लावतो. चालू झाला का काका, तुम्ही हात वर करा.” त्यानं बोट लावलं.

मी दोन्ही कानांवर हात दाबले. कमळाबाईनं पदर कोंबला. लहानशी, सरळ, बारीक शिट्टी, पण अशी का डोक्याच्या आरपार. अंगणातला कुत्रा उठून पळाला. आणि समोर सोफ्यावर दोघं म्हातारे, हे आणि भैयाजी, हात मांडीवर ठेवून शांत बसलेले. ह्याईच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. माणूस वाट पाहतानी असते तसं.

“लाव ना बावा,” हे म्हणाले. “कायची वाट पाहून राह्यला?”

प्रवीणनं माझ्याकडे पाह्यलं, मी त्याच्याकडे. मी कानावरचे हात झटकन खाली घेतले आणि म्हणलं, “त्याचा मोबाईल अटकला वाटते.” खोटं बोलली मी. आणखी काय करणार होती?

प्रवीणनंही मान खाली घातली. गोष्ट तिथंच मिटली असती. पण भैयाजी हसला. साधा माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, “नाई वो बाई, चालू असंन. आमची कमळा पाहा कशी कान झाकून बसली. मले येत नाई, माहीत आहे मले. रिटायर होतानी डॉक्टरनंच सांगतलं होतं, मशीनच्या घरघरीनं बारीक आवाज गेले म्हणून.” मंग ह्याईच्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, “पण तुम्ही तर खाणीत नव्हते ना भाऊ?”

ह्याईनं कमळाबाईकडे पाह्यलं. मंग माझ्या हाताकडे. ते हसू चेहऱ्यावर तसंच होतं, काढाचं कसं ते त्याईले समजून नव्हतं राह्यलं. मले एवढी दया कधी कोणाची आली नाई. आणि रागही आला, त्या बावीस सीझनचा, त्या भोंग्यांचा, आणि माझाही, का मी जवळ असून पाह्यलं नाई.

कमळाबाईनं चहा दिला आणि ओसरीत जाऊन बसली. ह्याईनं पूर्ण घेतला. कप खाली ठेवला, पिशवी उघडली आणि डब्ब्यामागचे स्क्रू काढाले बसले. ‘सूप पास’ लिहिलेली फळी बाजूले उभी केली. पाच मिनिटांनी मान वर न करता म्हणाले, “नूरी, तू तिथी बस. मधात. मी एकेक रजिस्टन्स टाकतो, तू सांग.”

“मले काय समजते त्यातलं?”

“सूप तुझं आहे. तुले नाई समजंन तर कोणाले समजंन?”

मी बसली. पहिल्यांदा लहान रजिस्टन्स लावला. वाळूच होती. “अजून?” ह्याईनं इचारलं. “अजून,” मी म्हणलं. दुसरा लावला. “अजून?” “थोडं.” तिसऱ्याले मंग ते झालं. टिन गेलं, वाळू गेली. चामोर्शीचं आंगण आलं. नव्या तांदळाचा कोंडा उडते तो आवाज, आणि मधात माझ्या बांगड्या, ज्या मले आठवतच नव्हत्या. हिरव्या होत्या, अम्मीनं भरलेल्या. वीसेक वर्षांची एक पोरगी बसून मोठ्या शिस्तीत पाखडत होती, नवरा समोर बसला आहे म्हणून. मी त्या पोरीले पस्तीस वर्षं नुसते टोमणे मारत होती.

“झालं,” मी म्हणलं.

प्रवीणनं मोबाईल धरला. रेघ सपाट. “काका, बरोबर बसलं,” तो म्हणाला, “आता अ‍ॅक्टिव्ह पाहिजे नाई.” कमळाबाई ओसरीतून आत येऊन बसली. दुसरा कोणी असता तर खुश झाला असता. ह्याईनं नुसतं खडूनं लिहिलेलं होतं ते तळहातानं पुसलं आणि खडू माझ्या हातात दिला. “तू लिही.” मी चौथी शिकलेली बाई. लिहिलं कसंबसं.

येष्टीत भद्रावतीच्या पुढं खिडकीकडे पाहत म्हणाले, “मले वाटे, पेन ड्राईव्ह जुना होऊन राह्यला. सूप दूर दूर जाऊन राह्यलं, असं वाटे. म्हणून दरवर्षी रजिस्टन्स थोडा कमी करत गेलो. मंग काढूनच टाकला.” थोड्या वेळानं म्हणाले, “सळसळ आली पाहिजे ना, म्हणून.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे हा एक डब्बा नव्हता. गेल्या पाच-सहा वर्षांत जेवढे बनवले, सगळे. वरोऱ्याचे, मूलचे, सिंदेवाहीचे, घुग्घुसचे. ह्याईले घर न् घर तोंडपाठ. बोटांवर मोजली तर तेवीस घरं निघाली. कोणी तक्रार केली नव्हती. खाणीतल्या माणसायले ऐकू येत नव्हतं आणि त्याईच्या बाया उठून ओसरीत जाऊन बसत असतील. बायकांचं कोण इचारते?

आम्ही निघतानी प्रवीण एक गोष्ट बोलला होता, तीही खरी होती. “काका, हा डब्बा अ‍ॅक्टिव्ह असता, तर बटन फिरवून दोन मिनिटांत काम झालं असतं.” पण ते अयूबचे डब्बे. एकदा बसले का बसले. उघडाचे तर स्क्रू काढून, आतलं सोल्डर सोडवून, आपल्या हातानं.

“दुकान बंद करतो, असं म्हणलं होतं मी,” हे म्हणाले.

“करा,” मी म्हणलं. “पण आधी त्या तेवीस बाया घरात आणून बसवा. मंग करा बंद.”

असे आमचे शुक्रवार सुरू झाले. इतर दिवशी दुकानात मोटरी, मिक्सर, पंखे. शुक्रवारी जुम्म्याची नमाज त्या त्या गावच्या मशिदीत, आणि मंग डब्बा. हे सोल्डर करायचे, मी मधात बसायची. “अजून?” “अजून.” “झालं?” “झालं.” मी म्हणीन ते खरं, कारण त्याईले आता दुसरा इलाज नाई. चांगल्या-चांगल्या नाटककंपन्या ज्याच्या कानावर चालल्या, तो माणूस चौथी शिकलेल्या बायकोच्या तोंडाकडे पाहत बसते. सुरुवातीले मले गंमत वाटली. मंग नाई वाटली. एकदा मूल गावात मी थकून चुकीचं “झालं” म्हणलं, बस पकडाची होती म्हणून. अर्ध्या रस्त्यात मन खाऊ लागलं, तर उतरून वापस गेलो. ह्याईनं मुकाट परत स्क्रू काढले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मधात चंद्रपूरले कानाच्या डॉक्टरलेही दाखवलं. ते म्हणाले, गेलेल्या नसा वापस येत नाईत. कानात मशीन लावली तर माणसांचं बोलणं थोडं साफ येईल. मशीन घेतली. उमेरा फोनवर साफ ऐकू येते. सुपाचं इचारलं तर हे म्हणतात, मशीनमधून ते भलतंच काही वाजते, सूप नाई वाटत.

मागच्या शुक्रवारी तेविसावं घर झालं. सिंदेवाहीचं. आज कुठी जायचं नव्हतं. नमाज झाली, जेवण झालं, दुपारचे तीन वाजले होते. हे म्हणाले, “घरचा डब्बा काढ.”

घरचा डब्बा म्हणजे त्याईनं बनवलेला पहिला. प्रवीणनं एक लहानसं अ‍ॅक्टिव्ह बोर्ड भेट म्हणून पाठवलं होतं, ते तीन महिने कपाटावर पडून होतं. ह्याईनं स्वतःच्या हातानं आपली बांबूवरची कॉइल काढली, कपड्यात गुंडाळून ठेवली आणि ते बोर्ड बसवलं. मले त्याईचं ते कारल्याचं तोंड आठवलं, पण मी स्क्रू वाटीत गोळा करत राह्यली.

“हे घरचं आहे,” म्हणाले, “गिऱ्हाईकाचं नाई. याच्यात बारीक आवाज पाहिजे तेवढा वाढवता येते म्हणे. मले एकदा सळसळ ऐकू दे. एकदाच. मंग राहू दे.” कानातली मशीन काढून त्याईनं खिशात टाकली.

मोबाईल माझ्या हातात. हे खुर्चीवर, डब्ब्यापासून दोन हातांवर. सूप चालू झालं. मी बोट फिरवलं. “आलं?” “अजून,” हे म्हणाले. फिरवलं. “अजून.” माझ्या कानात सुया टोचाले लागल्या. मी उशीतला कापूस काढून कानात कोंबला आणि परत फिरवलं. “अजून, नूरी.” टिन, वाळू, सगळं पार झालं होतं, भिंतीवरची पाल पळाली. “अजून.” बोट टोकाले जाऊन लागलं. त्याच्या पुढं काही नव्हतं.

तेवढ्यात टक झालं. एवढंसं. कापसातूनही मले समजलं, कारण सुया एकदम बंद झाल्या. आणि मंग वास आला.

ट्विटर जळल्याचा वास या घरात सगळ्यायले माहीत आहे. ह्याईले तर रस्त्यावरून चालता-चालता दुसऱ्याच्या घरातला येते. कान गेले, पण नाक शाबूत आहे. मी त्याईच्या तोंडाकडे पाह्यलं. नाकपुड्या हालल्या. डोळे मिटलेले होते, ते मिटलेलेच राह्यले.

“आलं,” हे म्हणाले. “आलं, नूरी. बराबर तसंच.”

मी कानातला कापूस काढला. डब्ब्यातून नुसतं धप्प, धप्प येत होतं. सळसळ नव्हती, बांगड्या नव्हत्या. कोणीतरी रिकाम्या सुपावर हात मारत बसल्यावानी.

“बंद करू?” मी इचारलं.

“राहू दे थोडं,” म्हणाले. “तुझे तांदूळ व्हायचे आहेत.”

मी मोबाईल खाली ठेवला आणि त्याईच्या बाजूले बसली.